गॅस असंल म्हणून सोडून देणार होतो: कॅज्युअल्टीतल्या पाच तासांचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. चांगलं लिहिलं की लोक म्हणतात पैसे घेतले, वाईट लिहिलं की त्यांचा फोन येतो, आणि मला दोन्ही लिहायचंय. कोल्हापुरातलंच आहे, प्रायव्हेट आहे, कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते, एवढं पुरे. स्टार चार. पाचवा का कापला ते खाली येईल, दम धरा.

माझं उद्यमनगरात छोटं शॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, तीन पोरं. त्या मंगळवारी त्यातला एक आलाच नव्हता आणि नेमका त्याच दिवशी मोठ्या लेथचा चार जॉचा चक, म्हणजे कापायचं लोखंड धरून ठेवणारा जड भाग, बदलायचा होता, मग काय, मी आणि एका पोरानं मिळून उतरवला. रात्री साडेनऊला शटर ओढताना छातीत मधोमध काहीतरी जड झालं, कुणीतरी गुडघा टेकवून बसलंय तसं, डाव्या खांद्याकडं थोडं सरकल्यासारखं. घाम म्हणावा तर होता, पण आमच्या शॉपमध्ये घाम कधी नसतो. मग मी तेच केलं जे अख्खं कोल्हापूर करतं, कोपऱ्यावर जाऊन जिरा सोडा मारला. ढेकर आली, जरा बरं वाटलं, मंगळवार पेठेत घरी पोचलो आणि परत सुरू.

घरात गॅस संमेलन भरलं. आई म्हणाली गॅस असंल, ओवा चावून खा. शेजारचे काका बनियनवर आले, म्हणाले गॅसच असतोय रे, आणि वर स्वतःची सॉर्बिट्रेटची गोळी पुढं केली, म्हणजे गॅसवर हार्टची गोळी, कसलं लॉजिक काय माहीत. मेव्हण्यानं फोनवरच निकाल दिला, "दाजी, डावा हात दुखालाय काय? नाही न्हवं? मग गॅस." एकटी बायको गॅस म्हणाली नाही. तिनं कुकर बंद केला आणि म्हणाली, "मी गाडी काढतो, तुम्ही चप्पल घाला." (कोल्हापूरच्या बाहेरून वाचणाऱ्यांना, टायपो नाही तो, आमच्याकडं बायका पण करतो-जातो-येतो असंच बोलतात.)

ॲक्टिव्हावर मागं बसून मिरजकर तिकटीवरनं बिंदू चौकाकडं जाताना मी तिला तीनदा म्हटलं की आता कमी वाटालंय, माघारी फिर. ती काय फिरली नाही. आता कळतं की मी मागं बसून गेलो हा पण गाढवपणाच होता, डॉक्टरनं नंतर झापलंच, म्हणाला छातीत दुखत असताना टू व्हीलरवर यायचं नाही, वाटेत शुद्ध हरपली तर दोघंही रस्त्यावर, १०८ ला फोन करायचा. बरोबर आहे त्याचं. पण खरं सांगा, गॅससाठी १०८ ला फोन कोण करतंय? तिथंच तर घोळ आहे सगळा.

गेटवर पहिली तक्रार. वॉचमन म्हणाला गाडी इथं लावायची नाही, मागच्या पार्किंगला जावा. मी छातीला हात लावून उभा, तरी मागच्या पार्किंगला. बायकोनं गाडी तिथंच स्टँडवर लावली आणि किल्ली त्याच्या हातात दिली, तू लाव म्हणाली. अर्धा स्टार तिथं गेला.

आत मात्र वेगळाच कारभार. "छातीत दुखालंय" एवढंच बोललो आणि फॉर्म नाही, डिपॉझिट नाही, आधार कार्ड नाही, थेट कॉटवर. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते आणि ईसीजीच्या पट्टीवर वेळ छापून आली दहा सेहेचाळीस, म्हणजे सहा मिनिटं. नंतर वाचलं की छातीत दुखणारा माणूस दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघून डॉक्टरनं बघितलेला पाहिजे असा नियमच आहे, अमेरिकन हार्टवाल्यांच्या २०२१ च्या गाईडलाईनमध्ये पण तेच लिहिलंय. हा एक आकडा लक्षात ठेवा, कुठलीही कॅज्युअल्टी चांगली की वाईट ते एसीवरनं नाही, ह्या दहा मिनिटांवरनं ठरवा.

ईसीजीची गंमत सांगतो. माझ्या बोटांना कटिंग ऑइल आणि बिडाची (ओतीव लोखंडाची) काळी धूळ, ते काय साबणानं जात नाही. सिस्टरनं बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला तर मशीन आकडाच दाखवेना, नुसत्या रेघा. दुसरं बोट, तेच. तिसरं, तेच. मग तिनं कापसावर स्पिरीट घेतलं आणि माझी करंगळी अशी घासली की लग्नानंतर पहिल्यांदा ती करंगळी गोरी दिसली. ९८ आला. मग हातातलं कडं काढा, चार चिमटे, लाल उजव्या हाताला, पिवळा डाव्या, हिरवा डाव्या पायाला, काळा उजव्या, आणि छातीवर थंडगार जेल लावून सहा रबरी बल्ब. छातीवर केस असल्यामुळं दोन बल्ब टिकेनात, पडालेत नुसते. "दादा, बोलू नका, हलू नका, हात सैल सोडा." सैल सोडा म्हटलं की माझा हात अजून कडक होतो, माझा काय दोष.

मग डॉक्टर आला. असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा, स्पोर्ट शूज, बोलण्यावरनं नांदेड-लातूरकडचा. मला काका म्हणाला. मी त्रेचाळीसचा. (ह्याचा स्टार कापला नाही पण मनात ठेवलंय.) मला वाटालतं तो पट्टी बघेल, नॉर्मल म्हणेल आणि गोळी देऊन घालवेल. पट्टी बघून तो म्हणाला, "आत्ता ह्यात काही दिसत नाही, पण पहिली पट्टी साफ असून पण अटॅक असू शकतो, म्हणून आपण थांबणार." आणि स्टूल ओढून बसला. कॅज्युअल्टीत डॉक्टर बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

त्यानं कुठं दुखतंय असं विचारलं नाही, हातानं दाखवा म्हणाला. मी अख्खा तळवा ठेवला. तो काहीच बोलला नाही, लिहून घेतलं. नंतर कळलं की तळवा किंवा मूठ ठेवणारा आणि एका बोटानं टोक दाखवणारा ह्यात त्यांच्या लेखी फरक असतो, बोटानं दाखवता येणारं दुखणं हार्टचं असायची शक्यता जरा कमी, पण नुसत्या तेवढ्यावर कुणी निकाल देत नाही. मग किती वाजता सुरू झालं, चालताना वाढलं की बसून होता, श्वास घेताना टोचतं काय, वाकल्यावर बदलतं काय, जबड्यात गेलं काय, मागं पाठीत फाटल्यासारखं झालं काय, लांबचा प्रवास झाला काय, पोटरी सुजलीय काय. दोन्ही हातांचा बीपी घेतला. म्हटलं, डॉक्टर, एका हाताचा चालत नाही काय? म्हणाला, छातीत दुखायला हार्ट अटॅक हे एकच कारण नसतं, मोठी रक्तवाहिनी चिरली तर कधी कधी दोन हातांत फरक पडतो, फुफ्फुसात रक्ताची गाठ अडकली तरी छातीत दुखतं, म्हणून पाठीचं आणि पोटरीचं विचारलं. छाती दाबून बघितली, बरगडीजवळ दुखलं. मी खूश, म्हटलं बघा, चक उचलला त्याचं आहे. तो म्हणाला, "असेल. पण दाबल्यावर दुखतंय म्हणून हार्ट नाही असं होत नाही. आणि सोड्यानं बरं वाटलं म्हणून गॅस आहे असं पण होत नाही." शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट घेतली नाही ते बरं केलं म्हणाला, बीपी खाली येऊन चक्कर आली असती, आणि त्या गोळीनं बरं वाटलं तरी त्यावरनं हार्टच आहे असं पण ठरत नाही.

म्हणजे आपण घरी जेवढ्या टेस्ट करतो तेवढ्या सगळ्या बाद.

मग त्यानं फाईलच्या मागं पेनानं एक तक्ता काढला. हार्ट स्कोअर म्हणतात त्याला. इंग्लिशमधल्या हार्ट ह्या शब्दाची पाच अक्षरं, आणि प्रत्येकाचं एकेक नाव: हिस्ट्री, ईसीजी, एज म्हणजे वय, रिस्क, आणि ट्रोपोनिन ही रक्ताची टेस्ट. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन मार्क. दहापैकी जितके कमी तितकं चांगलं, आमच्या दहावीच्या उलटं. माझी हिस्ट्री धड अशी नाही धड तशी नाही, म्हणून एक. ईसीजी शून्य. वय ४५ च्या आत म्हणून शून्य, म्हणजे दोन वर्षांनी हाच मी, हेच दुखणं, तर एक मार्क जास्त. रिस्कमध्ये वडिलांना बावन्नाव्या वर्षी अटॅक आलेला, आणि माझा मावा, तंबाखू-सुपारीचा. इथं तो जरा थांबला, म्हणाला तक्त्यात सिगारेट लिहिलीय, मावा नाही, पण मी धरतो. धर बाबा. एक-दोन गोष्टी असल्या तर एक मार्क, तीन झाल्या तर दोन. एक. झाले दोन, आणि ट्रोपोनिन बाकी. शून्य ते तीन म्हणजे कमी धोका, चार ते सहा मधला, सात आणि त्याच्या वर म्हणजे घर विसरा.

डोक्यात किडा असल्यामुळं नंतर ह्याचं वाचलं. नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये काढलेला तक्ता हा, आणि २०१३ मध्ये तिथल्याच १० हॉस्पिटलांत २४४० पेशंटवर ताडून बघितलेला. शून्य ते तीनवाल्यांत पुढच्या सहा आठवड्यांत अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा मृत्यू असलं काही झालं ते १.७ टक्के, आणि सात किंवा त्याच्या वरच्यांत निम्म्या लोकांना. म्हणजे पाच प्रश्नांचा साधा तक्ता, पण माणसं बरोबर वेगळी काढतो. हे लिहितोय ते एवढ्यासाठी की आमच्या ग्रुपवर मी हे टाकल्यावर एकानं अर्ध्या तासात मेसेज केला, माझा दोन आला, मला काही नाही. अरे मर्दा, ईसीजी आणि रक्त कुठं केलंस तू? पाचातली तीनच अक्षरं घेऊन पास झालास. आणि घरात बसून हिस्ट्रीला आपल्याच हातानं शून्य देणार, तुला गॅसच वाटणार की.

आता ट्रोपोनिन. हार्टच्या स्नायूला मार बसला की त्यातनं हे रक्तात उतरतं. पण लगेच उतरत नाही, वेळ लागतो, आणि सगळा खेळ ह्या वेळेचा आहे. आमच्या एका पाहुण्यांचं मागं असं झालं होतं की दुखायला लागून तास झाला नाही तोवर एका ठिकाणी कार्डवर टेस्ट केली, ते प्रेग्नन्सी टेस्टसारखं रेघवालं कार्ड असतं बघा, एक रेघ आली, निगेटिव्ह, घरी पाठवलं, आणि पहाटे परत उचलून न्यावं लागलं. वाचले, पण थोडक्यात. मी हे डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला म्हणूनच आपण दोनदा घेणार, आत्ता एक आणि तीन तासांनी एक, आणि कार्डवर नाही, मशीनवर, आकड्यात.

हे मला लगेच पटलं, कारण आमच्या धंद्यातलंच आहे. कार्ड म्हणजे गो-नोगो गेज, जातंय किंवा जात नाही, बास. मशीनवरचं म्हणजे मायक्रोमीटर. आणि टूल घासालंय की नाही हे एका जॉबवरनं, म्हणजे बनवलेल्या एका पार्टवरनं, कधीच कळत नाही, थोड्या वेळानं दुसरा जॉब मोजायचा आणि माप हललंय काय ते बघायचं. ट्रोपोनिनचं पण सेम, आकडा किती ह्याच्याइतकंच आकडा चढला काय हे महत्त्वाचं. काही ठिकाणी असल्याच बारीक मापाच्या मशीनवर एका तासात किंवा दोन तासांत दुसरं सँपल घेऊन निकाल लावतात, युरोपात तशी पद्धत आहे, इथं तीन तासांची होती.

पहिलं सँपल गेलं दहा पंचावन्नला. आणि मग काहीच नाही.

हेच मला ह्या रिव्ह्यूत सांगायचं होतं खरं तर. तीन तास काहीच होत नाही. सलाईन नाही, इंजेक्शनं नाहीत, धावपळ नाही. मॉनिटर टिक टिक करतोय, मधे एकदा दुसरा ईसीजी काढला, छातीचा एक्स-रे झाला, बाकी पडून रहा. आपल्या लोकांना हे सहन होत नाही. सलाईन लावलं नाही म्हणजे काही केलंच नाही. माझा मेव्हणा साडेअकराला पोचला आणि आल्या आल्या सिस्टरला, "काय ट्रीटमेंट चालू आहे?" ती म्हणाली, "ऑब्झर्वेशन." ह्याचं तोंड असं झालं की हॉटेलात तांबडा-पांढरा मागवला आणि नुसतं पाणी आलं. पण त्या पोरानं, म्हणजे डॉक्टरनं, येऊन मेव्हण्याला पण तोच तक्ता परत दाखवला, पहिल्यापासून, न कंटाळता, शेजारच्या कॉटवर ॲक्सिडेंटची केस असताना. म्हणाला, "आपण थांबलोय तीच ट्रीटमेंट आहे आत्ता." चार स्टार मी ह्या वाक्याला दिलेत, हॉस्पिटलला नाही.

पावणेबाराला पहिला रिपोर्ट, ३.१. शेजारी हद्द छापलेली ३४, आणि ती पुरुषांची, बायकांची वेगळी आणि कमी असते. मशीन बदललं की हद्द पण बदलते, तेव्हा आपला आकडा दुसऱ्याच्या रिपोर्टशी जुळवत बसू नका.

बारा वाजता इन्शुरन्सवाल्या मित्राचा फोन. आमच्या घरात कुणी शिंकलं तरी त्याला कळतं. "ॲडमिट झालास काय? नाही? अरे भावा, चोवीस तास ॲडमिट हो, नाहीतर क्लेम बसत नाही. डॉक्टरला सांग आयसीयूत ठेव म्हणून." त्याचं पॉलिसीच्या हिशेबानं बरोबर होतं, माझ्या पॉलिसीत भरती चोवीस तासांची नसेल तर असल्या तपासणीचा एक रुपया मिळत नाही. म्हणजे बघा गंमत, पाच हजारात काम होणार असेल तर माझ्या खिशातून, आणि तेच चाळीस हजारांचं केलं तर कंपनीच्या. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. डॉक्टरला विचारलंच. तो म्हणाला, "दुसरा रिपोर्ट चढला तर मीच तुम्हाला सोडणार नाही. नाही चढला तर मी तुम्हाला आयसीयूत कशासाठी ठेवलं हे फाईलवर काय लिहू?" विषय संपला. आयसीयूतली एक कॉट त्या रात्री दुसऱ्या कुणाला लागली असणार हे मला तेव्हा नाही, घरी येऊन सुचलं.

आणि पडल्या पडल्या मला सासऱ्यांची आठवण झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांना असंच छातीत दुखलं म्हणून दुसऱ्या एका ठिकाणी नेलं होतं, नाव तिथलं पण लिहीत नाही. दोन दिवस आयसीयू, अँजिओग्राफी, सगळं नॉर्मल आणि बिल ४८ हजार. तेव्हापासून मी त्या हॉस्पिटलला दिसेल त्याच्यासमोर शिव्या घातल्यात, लुटलं म्हणून, दोन-चार पेशंट तरी फिरवले असतील. आता तक्ता हातात होता म्हणून त्यांचा हिशेब मांडला. वय ६८, म्हणजे दोन. शुगर, बीपी आणि तंबाखू, तीन झाल्या, म्हणजे दोन. झाले चार इथंच, ईसीजी बघायच्या आधी. मधला धोका. म्हणजे ठेवून घेतलं ते बरोबरच होतं की राव. अँजिओग्राफी लगेच पाहिजे होती काय, ते मला सांगता येणार नाही, पण घरी सोडायची केस नव्हती हे नक्की. बायकोला हळूच म्हटलं, तुझ्या बाबांना त्यांनी उगीच नव्हतं ठेवलं. ती म्हणाली, "मग तेव्हा सांगायला काय झालं होतं त्यांना?" तेच. दोन दिवसांत एकानं पण पाच मिनिटं स्टूलवर बसून सांगितलं नव्हतं. "हार्टचं आहे, सही करा" एवढंच. माझ्या शिव्या बिलाच्या होत्या असं मी समजत होतो, त्या ह्याच्या होत्या.

दुसरं सँपल एक पंचावन्नला. पावणेतीनला रिपोर्ट, ३.४. चढला नाही म्हणाला, एवढा फरक मशीनचाच असतो. हे पण पटलं, मायक्रोमीटरला तेवढा खेळ असतोच. स्कोअर दोनच राहिला.

आता सोडताना तो जे बोलला ते जवळजवळ जसंच्या तसं लिहितो. "तुमचं दुखणं कशाचं आहे हे मी छातीठोक सांगू शकत नाही. बहुतेक स्नायूचं आहे. काय नाही ते मात्र बऱ्यापैकी सांगू शकतो. स्कोअर कमी आणि दोन्ही ट्रोपोनिन साफ, म्हणून पुढच्या महिन्याभरात काही मोठं होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी आहे. शून्य नाही. घरी गेलात तर चालेल, सकाळपर्यंत थांबायचं असेल तर थांबा, तुम्ही दोघं ठरवा." बायको म्हणाली, "आणि त्या एकात आम्ही असलो तर?" तो म्हणाला, "म्हणून हा कागद." आणि परत यायच्या खुणा सांगितल्या, बसल्या जागी दुखायला लागलं, घाम फुटला, दम लागला, चक्कर आली, जबड्यात किंवा हातात गेलं तर वाट बघायची नाही, सोडा प्यायचा नाही, १०८. आठवड्याच्या आत फिजिशियनला दाखवायचं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, ट्रेडमिलवर चालवून ईसीजीची टेस्ट लागते काय ते तो ठरवेल. अँजिओग्राफीची आत्ता गरज नाही. मावा बंद. चक आठवडाभर उचलायचा नाही. आणि एक गोष्ट जी मला कुणीच कधी सांगितली नव्हती: ह्या ईसीजीचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरला जुनी पट्टी शेजारी ठेवून बघता येते, नवीन काय आणि आधीपासूनचं काय ते कळतं. लगेच काढला.

गॅस असंल असं चार तासांत तो एकदाही म्हणाला नाही, हे घरी येऊन आईला मुद्दाम सांगितलं.

आता राहिलेला अर्धा स्टार. तो कागद, ज्याच्यावर माझा जीव अवलंबून, तो अख्खा इंग्लिशमध्ये छापलेला. माझं ठीक, माझ्या आईनं काय वाचायचं? डॉक्टरनं मी सांगितल्यावर मागच्या बाजूला तीन ओळी मराठीत लिहून दिल्या, डॉक्टरी अक्षर असून वाचता येतं, चमत्कारच. पण छापून का नाही? रोज रात्री असले कितीजण येत असतील. आणि बिल काउंटर. पावणेतीनला सोडलं आणि बिल हातात पडलं तीन चाळीसला. कारण काय, तर कॉम्प्युटरमध्ये ओपीडी आहे, आयपीडी म्हणजे भरती आहे, पण चार तास बसवलेला पेशंट कशात टाकायचा हे काउंटरवरच्या पोराला माहीत नाही, त्यानं दोन फोन केले, एक उचलला नाही. म्हणजे हार्टला काही झालं नाही हे शोधायला चार तास लागले ते मान्य, पण ते टाईप करायला तास? बिल झालं ५३०० रुपये. कॅज्युअल्टी ६००, ईसीजी दोन वेळा मिळून ६००, ट्रोपोनिन दोन मिळून २८००, एक्स-रे ५००, कॉटचे ८००. डिपॉझिट ५००० मागितलं होतं, पण ते पहिला ईसीजी झाल्यावर, आधी नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहायला पाहिजे. वर तीनशे भरले. नातेवाईकांच्या खुर्च्या लोखंडी आणि एसी फुल्ल, मेव्हणा पार्किंगमधल्या गाडीत जाऊन झोपला. चादर-बिदर काही मिळत नाही, शाल घेऊन जावा.

ज्यांचा पहिलाच ईसीजी बिघडलेला असेल त्यांचं तिथं कसं होतं ते मी बघितलेलं नाही, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू नाही. माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांना छातीत दुखतंय पण जावं की नको कळत नाही, आणि गेलं तर लुटतील असं वाटतं.

अपडेट, दहा दिवसांनी: फिजिशियनकडं जाऊन आलो, बीपी १४८/९४ निघाला, दोन दिवसांनी परत मोजला तरी तेवढाच, गोळी सुरू. म्हणजे रिस्कमध्ये आता तीन झाल्या, तिथं एकाचे दोन. मावा नऊ दिवस बंद आहे, दहाव्या दिवसाचं विचारू नका. आणि तो ईसीजीचा फोटो मोबाईलमध्ये जॉबच्या ड्रॉइंगांच्यात मिसळला, काल गोकुळ शिरगावच्या एका पार्टीला शाफ्टच्या ड्रॉइंगऐवजी तोच गेला. दहा मिनिटांनी फोन आला, "शेठ, हे प्रोफाइल लेथवर निघणार हाय काय? सीएनसीला द्यायला लागंल."